दुर्बीण नका बदलू, आधी शहराकडे पाठ करा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं बोलणं जुळेल. दिवाळीत मुलीसाठी १३० मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेतली. जळगावातल्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून चंद्रावरचे खड्डे दिसले, गुरूचे चारही मोठे चंद्र दिसले, मुलगी खूश झाली. मग डिसेंबर-जानेवारीत महिनाभर देवयानी दीर्घिका, म्हणजे इंग्रजीत जिला अँड्रोमेडा गॅलेक्सी म्हणतात तो अब्जावधी ताऱ्यांचा समूह, शोधली, ती काही सापडली नाही. आकाशगंगेचा पट्टा तर कधीच दिसला नाही. आता एक जण सांगतो आठ इंची दुर्बीण घ्या, दुसरा सांगतो फिल्टर लावा, आणि मुलगी म्हणते दुर्बीणच खराब आहे.

दुर्बीण खराब नाही, हे मुलीला आजच सांगा. गुरूचे चंद्र सुईच्या टोकासारखे बारीक दिसत असतील तर आरसे जुळलेले आहेत आणि फोकसही नीट होतोय. मी अमळनेरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि बावीस वर्षं मुलांना आकाश दाखवते. इतक्या वर्षांत "दुर्बीण खराब आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या दहातल्या आठ दुर्बिणी ठणठणीत निघाल्या. नडलं होतं ते त्यांच्यावरचं आकाश.

शेणानं सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी कशी उठून दिसते ते आठवा. तीच रांगोळी पांढऱ्या फरशीवर काढली तर बोटानं चाचपून बघावी लागते. रांगोळी तेवढीच असते, बदललेली असते जमीन. तारे, ग्रह, चंद्र यांचा उजेड एका जागी गोळा झालेला असतो, म्हणून ते फरशीवरही दिसतात. देवयानीचा उजेड पसरलेला आहे. पुस्तकात तिची प्रत, म्हणजे ठळकपणाचं माप (आकडा जितका लहान तितकी वस्तू ठळक), ३.४ लिहिलेली असते आणि आपल्याला वाटतं, एवढी ठळक वस्तू तर शहरातूनही दिसेल. पण तो ३.४ प्रतीचा उजेड आकाशाच्या जवळपास तीन अंशांवर, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीनं ठेवले तर जेवढी लांबी होईल तेवढ्या पट्टीवर, फासलेला आहे. जळगावच्या आकाशात त्यातला फक्त मधला गाभा उरतो, थंडीत काचेवर फुंकर मारल्यावर वाफ धरते तसा. तुम्ही डिसेंबरात त्याच्यावरून दोन-चार वेळा गेला असाल, आणि फोटोतली रंगीत चकती डोक्यात असल्यामुळे "हे काही नाही" म्हणून पुढे सरकला असाल. कॅमेरा तासन्‌तास उजेड साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. अंधाऱ्या जागीसुद्धा देवयानी राखाडीच दिसते. हे मुलीला आधी सांगा, नाहीतर सातपुड्यात नेऊनही ती हिरमुसेल.

आठ इंची दुर्बिणीचं आता ओघानं आलंच. ती तुमच्या दुर्बिणीच्या जवळजवळ अडीचपट उजेड गोळा करते, पण दीर्घिकेचा अडीचपट तसा तिच्या मागच्या उजळ आकाशाचाही अडीचपट. फरक तेवढाच राहतो. तारकागुच्छ (ताऱ्यांचे घोळके), जोडतारे, शनीची कडी यांसाठी मोठी दुर्बीण शहरातही उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. मुलीला ग्रहच आवडत असतील तर दोन वर्षांनी जरूर घ्या. पण देवयानीसाठी घेणार असाल तर ते पैसे आधी पेट्रोलला लावा. तुमची १३० मिलिमीटरची दुर्बीण अंधाऱ्या शेतात जे दाखवेल ते आठ इंची दुर्बीण जळगावच्या गच्चीवर दाखवणार नाही. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

फिल्टरचं उत्तर थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा बराचसा उजेड ठरावीक रंगांतच यायचा, म्हणून तेवढे रंग गाळणारा फिल्टर कामाचा होता. माझ्याकडे तसा एक आहे आणि तेव्हा त्याचा फायदाही झाला. २०१५ पासून देशभर रस्त्यांवरचे दिवे एलईडीचे करण्याची मोहीम सुरू झाली. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, मग गाळायचं कशाला? दीर्घिकासुद्धा ताऱ्यांचाच उजेड असल्यामुळे सर्व रंगांत असते. तिच्यासाठी फिल्टर लावाल तर आकाशाबरोबर तीही काळवंडेल. उपयोग होतो तो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासारख्या वायूच्या ढगांना, कारण त्यांचा उजेड मोजक्या रंगांत येतो. त्यासाठी ओ-थ्री किंवा यूएचसी नावाचे अरुंद फिल्टर मिळतात. ते चांगले असतात, पण तुमचा प्रश्न त्यांनी सुटणार नाही.

पांढऱ्या दिव्यांचं आणखी एक दुखणं आहे. हवेचे रेणू निळा उजेड पिवळ्यापेक्षा कितीतरी जास्त उधळतात. एलईडीतला निळा साधारण ४५० नॅनोमीटरचा, सोडियमचा पिवळा ५८९ चा. गणित केलं तर निळा जवळपास तिप्पट विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं हा विखुरलेला निळा उजेड रात्री आपल्या डोक्यावर छत धरतो. वॅट तेवढेच ठेवले तरी पिवळसर, म्हणजे खोक्यावर रंगाचा आकडा ३००० केल्विन किंवा त्याखाली असलेला दिवा आकाशाला कमी त्रास देतो. घराबाहेरचा बल्ब बदलायचा असेल तर दुकानात "वॉर्म व्हाइट" मागा.

आता तुमच्या गच्चीकडे येऊ. उजेडाचा त्रास दोन प्रकारचा असतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे थेट डोळ्यांत येणारा दिवा. दुसरा म्हणजे शहराचा सगळा उजेड धुळीवरून, धुरावरून परतून आकाशालाच येणारा दुधट रंग. दुसऱ्याला गच्चीवर इलाज नाही. पहिल्याला आहे, तोही फुकट.

माझ्या समोरच्या घरातल्या काकूंच्या पोर्चमध्ये एक उघडा एलईडी होता, सरळ माझ्या गच्चीवर मारा करायचा. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तसला दिवा क्षणभर दिसला तरी ती मेहनत वाया जाते. काकूंना दिवा बंद करा म्हणणं बरं दिसत नव्हतं, त्या एकट्या राहतात, त्यांना उजेड हवाच. मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, वाकवून त्याची टोपी केली आणि त्यांच्या परवानगीनं दिव्यावर बसवली. पत्रा आतून चकचकीत असल्यामुळे वर जाणारा उजेड खाली वळला आणि त्यांची पायरी आधीपेक्षा लख्ख झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या दारासाठीही एक टोपी मागितली. माझ्या गच्चीवर त्या रात्री नवे तारे उगवले असं म्हणणार नाही, आकाशाचा दुधट रंग तसाच होता. पण पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ तिरक्या नजरेनं, म्हणजे थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघून, पहिल्यांदा जाणवला. शेजारी ऐकणारे नसतील तर डोक्यावरून काळी ओढणी किंवा घोंगडी घ्या आणि आयपीससकट (डोळा लावायच्या भिंगासकट) झाकून बघा. कॉलनीतली पोरं बघत राहतील, बघू द्या.

तुमचं आकाश नेमकं किती उजळलंय हे कळायला यंत्र लागत नाही. सध्या मार्च आहे. रात्री अकराच्या सुमारास ईशान्येला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. माझी आजी त्यांना म्हातारीची बाज म्हणायची. चार तारे बाजेचे खूर आणि मागचे तीन चोर. "ती देख, म्हातारीनी बाज," असं म्हणत हात धरून दाखवायची. त्या तीन चोरांतला मधला वसिष्ठ. त्याला अगदी खेटून अरुंधती आहे, जी लग्नात नवरा-नवरीला दाखवतात. तिची प्रत ४ आहे. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी अरुंधती वेगळी दिसते का, ते मुलीला बघायला सांगा, तिचे डोळे तुमच्यापेक्षा तरुण आहेत. दिसली तर तुमची गच्ची चौथ्या प्रतीपर्यंत जाते. तीही दिसली नाही तर गच्चीवरून दीर्घिका शोधण्यात रात्री घालवू नका. चौथ्या प्रतीपर्यंत सगळ्या आकाशात पाचेकशे तारे आहेत आणि सहाव्या प्रतीपर्यंत पाचेक हजार. त्यांतले साधारण निम्मे एका वेळी आपल्या डोक्यावर असतात. गच्ची आणि अंधारं शेत यांच्यात एवढा फरक आहे.

दुसरी खूण पुष्याची. तो तारकागुच्छ आकाशातल्या विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकोणीस अंशांवर आणि आपलं जळगाव एकवीस अक्षांशावर, म्हणजे मार्चच्या मध्याला रात्री नऊला तो जवळपास थेट डोक्यावर येतो. डोक्यावरची हवा सगळ्यात पातळ, तिथलं आकाश सगळ्यात काळं. तिथेही तो नुसत्या डोळ्यांना धुरकट डागासारखा दिसत नसेल तर समजा की छत पूर्ण धरलंय.

आता गाडी कुठे न्यायची? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. सगळे म्हणतात पालला जा, सातपुड्यात जा. पाल मलाही फार आवडतं, यावल अभयारण्यातली रात्र वेगळीच असते. पण नकाशा समोर ठेवा. सातपुडा आपल्या उत्तरेला. तिथे उभं राहून दक्षिणेकडे बघाल तर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, पलीकडे भुसावळ आणि जळगाव, असा तापीकाठचा सगळा दिव्यांचा पट्टा समोर येतो. आणि आकाशगंगेचा सगळ्यात भरलेला भाग, वृश्चिक आणि धनू, आपल्याकडे दक्षिणेलाच असतो. धनू रास अगदी वर आली तरी चाळीस अंशांच्या आसपासच राहते, वृश्चिकाची शेपटी तर तिशीच्या आसपासच घुटमळते. म्हणजे जिथे बघायचं नेमकी तिथेच शहरांची प्रभा. मी स्वतः पहिली पाच-सहा वर्षं आकाशगंगेसाठी मुलांना सातपुड्याच्या पायथ्याशी नेत राहिले आणि क्षितिजावरचा तो पिवळट फुगा बघून हळहळत राहिले. एकदा विद्यार्थ्याच्या मामांच्या शेतात, पहूरच्या पुढे अजिंठ्याच्या डोंगरांकडे, केवळ सोय म्हणून गेलो. जळगाव पाठीशी उत्तरेला राहिलं, समोर डोंगर. त्या रात्री पहाटे तीनला वृश्चिकाच्या नांगीपासून आकाशगंगा अशी वर चढत गेली होती की एका मुलानं विचारलं, "मॅडम, ढग आला का?"

म्हणून माझा नियम साधा आहे. जे बघायचं ते ज्या दिशेला, त्याच्या उलट दिशेला शहर हवं. आकाशगंगेचा गाभा बघायचा तर जळगावच्या दक्षिणेला जा: पहूरच्या पुढे, किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या बाजूला. चाळीसगावपासून ती जागा अठरा-वीस किलोमीटरवर आहे. तिथे डोंगर जवळ असल्यामुळे दक्षिणेचं क्षितिज थोडं झाकतं, पण धनू त्याच्या वर येते. पाटण्याच्या देवळातल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. मुलीला तिथे नेलंत तर हे जरूर सांगा. आठशे वर्षांपूर्वी त्या दरीत भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ शिकवला जात होता.

देवयानी मात्र आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला येते, सत्तर अंशांवर. तिच्यासाठी सातपुडा उत्तम, पाल चालेल. नंदुरबारकडे कुणी नातलग असतील तर तोरणमाळ सगळ्यात चांगलं. ते सुमारे ११५० मीटर उंचावर आहे आणि थंडीत तापीखोऱ्यात साठणारा धुरकट थर तिथून पायाखाली राहतो.

अंतराचंही सांगते. शहराची प्रभा अंतराबरोबर फार वेगानं घसरते. ढोबळ नियमानं अंतर दुप्पट केलं की ती साडेपाच पटींनी कमी होते. जळगावची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांच्या वर होती, तेव्हा दहा-पंधरा किलोमीटरवर थांबू नका. चाळीस गाठा. पण चाळीसाचे ऐंशी करून रात्रीचा प्रवास वाढवण्यात मला अर्थ वाटत नाही, विशेषतः लहान मुलगी बरोबर असताना.

अभयारण्यात रात्री परस्पर शिरू नका. वनखात्याची परवानगी लागते आणि बिबट्याचा वावरही असतो. मी स्वतः कुणाच्या तरी शेतातलं खळं पसंत करते. खानदेशात प्रत्येकाचा एक तरी मामा शेतकरी असतो. मोटारीच्या शेडवरचा बल्ब तेवढा बंद करायला सांगा. रात्री थ्री-फेज लाइट आली की शेजारचे लोक पाणी भरायला बॅटरी घेऊन येतात, त्यांना दिवसाच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी झोत डोळ्यांत येतो. तुमच्या स्वतःच्या बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन पदरी गुंडाळा, लाल उजेडानं डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. मोबाइल मात्र गाडीत ठेवा. आकाशाचं अॅप उघडलं की वीस मिनिटं गेली. आणि केळीच्या बागेशेजारी बसू नका, पाण्यामुळे तिथे दव लवकर पडतं. दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची लांब नळी लावली तर आरसा तासभर जास्त दवाविना राहतो.

कधी जायचं याचं गणित आपल्याकडे थोडं अवघड आहे. आकाशगंगेचा गाभा संध्याकाळी दिसण्याचे महिने जून ते सप्टेंबर, तेच आपले पावसाचे. म्हणून एप्रिल-मेमधल्या अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस धरा आणि पहाटे उठा. मेच्या मध्याला धनू पहाटे साडेतीनच्या सुमारास दक्षिणेला सगळ्यात वर असते. उन्हाळ्यात धूळ असते, पऱ्हाट्या जाळल्याचा धूर असतो, आणि तोच धूर शहराचा उजेड परतवतो. अवकाळीचा एक शिडकावा होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हवा धुतलेली मिळते, तेव्हा सगळी कामं बाजूला ठेवून जा. लग्नसराईत मंगल कार्यालयांवरच्या शार्पी लाइटचे झोत फिरत असतात, पण मध्यरात्रीनंतर ते बंद होतात, दुकानंही मिटलेली असतात. गच्चीवरसुद्धा दोन वाजताचं आकाश नऊच्या आकाशापेक्षा काळं असतं.

देवयानीसाठी दिवाळीची अमावास्या सोडा, दिवे आणि फटाक्यांचा धूर दोन्ही असतात. त्यानंतरची कार्तिक अमावास्या पकडा. तेव्हा ती रात्री आठ-नऊच्या दरम्यान डोक्यावर येते, मुलीला जागवावंही लागत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग १०×५० च्या दुर्बिणीतून, म्हणजे साध्या बायनॉक्युलरमधून, आणि शेवटी तुमच्या मोठ्या दुर्बिणीतून २५ मिलिमीटरचा आयपीस लावून. हाच क्रम ठेवा. तो अंधुक डाग पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे, हे तिला तिथेच, ती बघत असताना सांगा.

तुम्ही विचारलं आहे की पूर्वी गच्चीवरून आकाशगंगा दिसायची असं वडील म्हणतात, ते खरं का. खरं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत मी ते स्वतः पाहिलंय. संध्याकाळी लाइट गेली की आमच्या गल्लीतले लोक चरफडत अंगणात यायचे. मी मुलांना घेऊन गच्चीवर जायचे. गच्ची तीच, डोळे तेच, आणि पाच-दहा मिनिटांत आकाशगंगा श्रवण ताऱ्यावरून खाली उतरलेली दिसायची. लाइट आली की पुसल्यासारखी जायची. लोडशेडिंग परत यावं असं मला मुळीच वाटत नाही, पण त्या रात्रींनी एक गोष्ट पक्की दाखवली: आकाश कुठेही गेलेलं नाही.

ते झपाट्यानं झाकलं जातंय हेही खरं. जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांवर नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतोय असं निघालं. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या होत्या, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा जळगावला लावू नका. पण वेग असाच राहिला तर आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी १०० दिसतील, असं त्याच अभ्यासकांनी मांडलं आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे भोवतालच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली वळवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त रस्त्यावर पडू लागला.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात हायमास्टचे फोकस आडवे लावलेले होते, अर्धा उजेड शेतांवर आणि आकाशात जायचा. सरपंचताईंना मी आकाशाचं काहीच सांगितलं नाही. खांबाच्या बुंध्याशी उभं राहून एवढंच दाखवलं की चौकात सावली आहे आणि दूरच्या कपाशीवर उजेड. त्यांनी वायरमनला बोलावून फोकस खाली वळवून घेतले. तुमच्या कॉलनीतही हे होऊ शकतं. सोसायटीच्या बैठकीत दिव्याच्या बिलाचा विषय निघेल तेव्हा काढा.

तर आधी गच्चीवर अरुंधती बघा, मग काळी ओढणी घेऊन पुष्य बघा, आणि एप्रिलच्या अमावास्येला पहूरच्या पुढे कुणाचं शेत मिळतं का ते विचारून ठेवा. अरुंधती दिसली की नाही ते मला कळवा. तुमची गच्ची किती उजळली आहे ते कळलं तर गच्चीवरूनच दिसतील अशा तारकागुच्छांची आणि जोडताऱ्यांची यादी मुलीसाठी करून पाठवते. अमावास्येपर्यंत तिच्या हाताला काम राहील.